आवाज कमी, पाणी पुरेसे : पंपाची निवड
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मला पंपाच्या निवडीवर बोलायला सांगितले आहे. मी कृषिविद्येचा अध्यापक. पंपाची घडण आणि दुरुस्ती हा तसा कृषी अभियांत्रिकीचा विषय. पण पिकाला रोज पाणी किती लागते हे ठरल्याशिवाय पंप ठरत नाही, आणि ते ठरवणे हे आमचे काम आहे. म्हणून आपण पिकाकडून पंपाकडे जाऊ.

पंप घ्यायला गेलेला शेतकरी दुकानात पहिला प्रश्न विचारतो, "पाचचा घेऊ की साडेसातचा?" हल्ली दुसराही एक प्रश्न ऐकू येतो, "कमी आवाजाचा कोणता?" हा प्रश्न योग्यच आहे. वस्ती आता शेतात आली. विहिरीपासून घर पन्नास पावलांवर असते. घरात अभ्यास करणारी मुले असतात, झोपेची गरज असलेली वडीलधारी माणसे असतात. रात्रपाळीची वीज आली की पंपाची धडधड पहाटेपर्यंत चालते. काही जणांनी कृषी पर्यटन केंद्रे काढली आहेत. तेथे येणारा पाहुणा तर आवाजाला कंटाळूनच आलेला असतो.

परंतु या प्रश्नाचे उत्तर एखाद्या कंपनीच्या नावात नाही. चांगल्या कारखान्यात तयार झालेला पंपही चुकीच्या जागी बसवला तर खडखडतो, आणि साधा पंप योग्य जागी बसवला तर शेजारी उभे राहून बोलता येते. पंपाचा जादा आवाज ही त्याची तक्रार असते. ती तक्रार ऐकली नाही तर पुढे पंखा झिजतो, बेअरिंग जाते, मोटार जळते, आणि हे बहुधा मे महिन्यात, उभे पीक पाण्यावर असताना घडते. म्हणून कमी आवाजाचा पंप निवडणे आणि योग्य पंप निवडणे या दोन गोष्टी फारशा वेगळ्या नाहीत.

आधी पाणी, मग उंची, शेवटी अश्वशक्ती

एक उदाहरण घेऊ. समजा, चार एकर भाजीपाला ठिबकवर आहे. कडक उन्हाळ्यात त्याला रोज ६ मिलिमीटर पाणी लागते असे धरू. एक एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,००० लिटर. म्हणजे एकरी २४,००० लिटर आणि चार एकरांना ९६,००० लिटर. थोडी गळती धरून रोजचे एक लाख लिटर म्हणू. वीज आठ तास धरली आणि मधले खंड वजा केले तर हातात सहा तास उरतात. सहा तासांत एक लाख लिटर काढायचे तर सेकंदाला साधारण ४.६ लिटर पाणी हवे. आपण ५ लिटर धरू. पंपाकडून आपल्याला एवढेच पाणी हवे आहे. याहून जास्त पाणी ओढणारा पंप विहीर लवकर आटवतो आणि मग हवा धरतो.

आता उंची. विहिरीतील पाण्याची पातळी उन्हाळ्यात पंपाच्या ५ मीटर खाली, शेत पंपापासून १० मीटर वर, आणि गाळणयंत्र व ठिबक मिळून १५ मीटरचा दाब. एकूण ३० मीटर. यात पाइपातील घर्षण मिळवायचे, आणि नेमके येथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. मुख्य पाइप २५० मीटर लांब आहे असे धरा. सेकंदाला ५ लिटर पाणी नेताना नव्या प्लॅस्टिक पाइपात दर १०० मीटरला होणारी घट अशी येते :

आतील व्यास ५० मिलिमीटर (२ इंच) : सुमारे १३.४ मीटर
आतील व्यास ६५ मिलिमीटर (अडीच इंच) : सुमारे ३.७ मीटर
आतील व्यास ८० मिलिमीटर (३ इंच) : सुमारे १.४ मीटर

२५० मीटर लांबीला दोन इंची पाइपात साडेतेहतीस मीटर दाब खर्ची पडतो, तर तीन इंची पाइपात अवघा साडेतीन मीटर. बेंड, फुटबॉल आणि व्हॉल्व्ह यांची घट पहिल्या पाइपाला साडेचार आणि दुसऱ्याला अडीच मीटर धरली तर एकूण उंची दोन इंची पाइपाला ६८ मीटर आणि तीन इंची पाइपाला ३६ मीटर होते. पाणी तेच, विहीर तीच, शेतही तेच!

अश्वशक्ती काढण्याची रीत सोपी आहे. सेकंदाला येणारे लिटर गुणिले एकूण उंची मीटरमध्ये, भागिले ७५, आणि त्याला पुन्हा पंपाच्या कार्यक्षमतेने भागायचे. कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर दोन इंची पाइपाला ८.२ अश्वशक्ती लागते, म्हणजे बाजारात दहाचा पंप घ्यावा लागतो. तीन इंची पाइपाला ४.४ अश्वशक्ती लागते, तेथे पाचचा पंप पुरतो. मोटारीची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर सहा तासांत हा फरक सुमारे २१ युनिटांचा होतो, आणि तोही रोज.

कोणी म्हणेल, वीजबिलाची एवढी चिंता कशाला? राज्य शासनाने २०२४ साली कृषिपंपांसाठी मोफत विजेची योजना जाहीर केली आहे. पण ती साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांसाठी आहे. अरुंद पाइपापायी दहाचा पंप घेणारा त्या मर्यादेबाहेर जातो. शिवाय एका रोहित्रावर सगळ्यांनीच गरजेपेक्षा मोठे पंप जोडले की दाब उतरतो आणि सर्वांच्याच मोटारी तापतात.

याची उलट बाजूही लक्षात ठेवावी. "थोडा जास्त हेडचा घेऊन ठेवू, कामाला येईल," असे म्हणून ६० मीटरचा पंप २५ मीटरच्या जागी बसवू नये. अडवणूक कमी झाल्याने तो नेमून दिल्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी ओढतो, मोटारीवर भार येतो आणि पंप खडखडू लागतो. पंपाच्या पट्टीवर हेडची मर्यादा लिहिलेली असते, उदाहरणार्थ २८ ते ४४ मीटर. आपली उंची या दोन आकड्यांच्या मधोमध पडेल असा पंप घ्यावा. तेथे तो सर्वांत शांत चालतो आणि पाणीही चांगले देतो.

सक्शनची बाजू : आवाजाचे मूळ

पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. खरे पाहता तो आपल्या तोंडाशी दाब कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीला सुमारे १०.३ मीटर पाण्याइतका असतो. वर जावे तसा तो घटतो, दर हजार मीटरला सुमारे १.१ मीटर. त्यामुळे कोकणातल्यापेक्षा देशावरच्या पंपाला थोडा कमीच आधार मिळतो. पाइपातील घर्षण आणि पंपाची स्वतःची गरज वजा जाता व्यवहारात ६ मीटरपेक्षा जास्त सक्शन ठेवू नये. साडेचार-पाच मीटर असेल तर उत्तम.

ही मर्यादा ओलांडली की पंपाच्या तोंडाशी दाब इतका उतरतो की पाणी थंड असूनही उकळते आणि त्याचे वाफेचे बुडबुडे होतात. हे बुडबुडे पंख्यात जास्त दाबाच्या जागी पोहोचताच फुटतात. पंपात खडे पडल्यासारखा जो आवाज येतो तो यांचाच. याला कॅव्हिटेशन म्हणतात. असा पंप उघडून पाहिला तर पंख्याला वाळवी लागल्यासारखी भोके पडलेली दिसतात. पावसाळ्यात शांत चालणारा पंप एप्रिल-मे महिन्यात खडखडू लागला तर आधी मिस्त्रीला बोलावू नये, विहिरीत दोरी सोडून पाण्याची पातळी मोजावी. पाणी खाली गेले असेल तर पंपही विहिरीतील कट्ट्यावर किंवा गर्डरवर खाली घ्यावा.

सक्शन पाइपाबाबत चार गोष्टी पाळाव्यात. एक, तो पंपाच्या तोंडापेक्षा एक नंबर मोठा घ्यावा, कधीही लहान नको. दोन, लांबी आणि बेंड कमीत कमी ठेवावेत. तीन, आडवा भाग पंपाकडे सतत चढता असावा, नाहीतर उंचवट्यावर हवा साचते. चार, फुटबॉल उन्हाळी पातळीखाली किमान दोन फूट बुडालेला आणि तळापासून एक फूट वर असावा. त्याच्या जाळीत पालापाचोळा अडकला तरी पंप आवाज करू लागतो.

कोणत्या जातीचा पंप?

आवाजाच्या दृष्टीने डिझेल इंजिनाचा पंप सर्वांत त्रासदायक. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल तर तेथील आवाज साधारण ८५ डेसिबलच्या वर आहे असे समजावे. अशा आवाजात रोज आठ-आठ तास वर्षानुवर्षे राहिल्यास कायमचे बहिरेपण येऊ शकते. जेथे विजेची सोय नाही तेथे इंजिन लागणारच, पण ते घरापासून दूर ठेवावे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. इंजिनाजवळ थांबणाऱ्याने कानात बोळे घालावेत.

वीजपंपांत मोनोब्लॉक हा दुरुस्तीला सोपा आणि उथळ विहिरीला, शेततळ्याला चांगला. त्याचा आवाज मध्यम असतो. मिनिटाला सुमारे २,९०० फेरे घेणाऱ्या पंपापेक्षा १,४४० फेऱ्यांचा पंप शांत असतो, पण तेवढ्याच कामासाठी तो आकाराने मोठा आणि महाग पडतो.

विहिरीतील पाणी हंगामागणिक खूप वर-खाली होत असेल तर ओपनवेल सबमर्सिबल पंप विचारात घ्यावा. हा पाण्यातच बसतो, त्यामुळे सक्शनचा प्रश्नच उरत नाही, पाणी भरावे लागत नाही आणि आवाज पाण्यात जिरतो. घराजवळच्या विहिरीला हा सर्वांत योग्य. बोअरवेलला उभा सबमर्सिबल, ज्याला आपण पाणबुडी मोटार म्हणतो, तोच लागतो. दोष एवढाच की दुरुस्तीसाठी पंप वर काढावा लागतो.

सौरपंपाचा मोठा गुण असा की तो दिवसा चालतो, रात्रीची पाळीच टळते. २०१९ साली सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेतून अनेकांनी असे पंप घेतले. मात्र पाणी आणि उंचीचा वरील हिशेब त्यालाही तेवढाच लागू आहे.

बसवणी

चांगला पंप ढिल्या फळीवर किंवा दोन दगडांवर ठेवला तर तो थरथरणारच. काँक्रीटचा पाया पंपसंचाच्या वजनाच्या निदान तिप्पट वजनाचा असावा. बोल्ट कडक आवळावेत. मोटार आणि पंप वेगवेगळे असतील तर दोन्हींचे दांडे एका रेषेत आहेत याची पट्टी लावून खात्री करावी. डिलिव्हरी पाइपाचे वजन पंपावर टाकू नये, त्याला स्वतंत्र टेकू द्यावा. घराच्या भिंतीला किंवा स्लॅबला पाइप घट्ट जखडला तर पंपाची थरथर सगळ्या घरात ऐकू येते. क्लॅम्पखाली रबराची पट्टी घालावी.

कोणता आवाज कशाचा, हेही ध्यानात ठेवावे :

१) खडे खडखडल्यासारखा : सक्शन जास्त, फुटबॉल तुंबलेला किंवा जादा हेडचा पंप.
२) गुळगुळ होऊन पाणी तुटणे : सक्शनच्या जोडातून किंवा ग्लँडमधून हवा शिरते.
३) मोटार नुसती घुमणे : दाब कमी किंवा एक फेज गेलेला. ताबडतोब बंद करावी.
४) किरकिर, शिट्टी : बेअरिंग कोरडे पडले किंवा झिजले.
५) पंप बंद करताच पाइपात जोराचा ठोका : वर चढलेले पाणी उलटे येते. पंपाजवळ चांगला नॉनरिटर्न व्हॉल्व्ह बसवावा आणि पंप बंद करण्यापूर्वी गेट व्हॉल्व्ह सावकाश मिटवावा.

शेतघर, फिरते घर आणि होडीवरील छोटा पंप

राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आणि कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण २०२१ साली आले. त्यामुळे शेतघराला, चाकांवरच्या घराला पाणी कसे द्यावे, अशी विचारणा आता होते. किनाऱ्यावरचे बंधू होडीवरच्या गोड्या पाण्याबद्दल विचारतात. टाकीतून नळाला पाणी देण्यासाठी येथे १२ व्होल्टचा छोटा डायफ्रॅम पंप वापरतात. आपल्या पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपात जो असतो, त्याच जातीचा. रबराचा पडदा पुढे-मागे होऊन पाणी ढकलतो, म्हणून पाणी धक्क्याधक्क्याने येते आणि टरटर आवाज होतो. लहानशा खोलीत रात्री तो फार जाणवतो.

येथेही गरज आधी मोजावी. एका शॉवरला मिनिटाला ६-७ लिटर पाणी पुरते. दोन नळ एका वेळी चालले तरी १० ते १२ लिटरचा पंप पुरेसा होतो. याहून मोठा पंप घेतला तर नळ थोडा उघडताच दाब चढून पंप बंद होतो, लगेच दाब उतरून पुन्हा सुरू होतो, आणि हा खेळ चालूच राहतो. यावर उपाय म्हणजे पंपानंतर दाबाची लहान टाकी बसवणे. तिच्या आत हवेवर दाबला जाणारा रबरी फुगा असतो. हात धुण्याइतके पाणी पंप सुरू न होताच मिळते आणि पाण्याचे धक्केही मऊ होतात. टाकीतील हवेचा दाब पंप सुरू होण्याच्या दाबापेक्षा किंचित कमी ठेवावा.

पंप पातळ पत्र्यावर किंवा प्लायवूडवर बसवू नये, तो पत्रा डफासारखा वाजतो. गाडीच्या किंवा होडीच्या भक्कम चौकटीवर, झोपण्याच्या जागेपासून दूर, रबरी पायांवर बसवावा. स्क्रू इतके आवळू नयेत की रबर दबून निकामी होईल. दोन्ही बाजूंना अर्धा मीटर मऊ नळी देऊन मगच कडक पाइप जोडावा. पंपाआधी जाळी हवी. वायर जाड घ्यावी. घरच्या २३० व्होल्टमध्ये एक व्होल्ट गेला तर कळतही नाही, १२ व्होल्टमध्ये तो बारावा हिस्सा असतो. होडीच्या तळात साचलेले पाणी उपसण्याचा पंप वेगळा असतो, दोन्ही कामे एकाच पंपाला सांगू नयेत.

शांत पंपाचा एक धोका

येथे एक सावधगिरीची सूचना. खडखडणारा पंप विहीर आटल्याचे ओरडून सांगतो. पाण्यातला पंप तसे सांगत नाही. सबमर्सिबल पंप कोरडा चालू लागला तरी घरात काही ऐकू येत नाही, आणि तेवढ्यात मोटार जाऊ शकते. म्हणून शांत पंप घेणाऱ्याने स्टार्टरच्या पेटीत ॲमीटर, एक फेज गेल्यास पंप बंद करणारे आणि कोरडा चालल्यास बंद करणारे उपकरण बसवलेच पाहिजे. नव्या पंपाचा पहिल्या दिवशीचा ॲम्पिअरचा आकडा पेटीच्या झाकणावर लिहून ठेवावा. पुढे त्यात फरक पडू लागला की कारण शोधावे. कानाचे काम येथे डोळ्यांना करावे लागते.

दुकानात जाण्यापूर्वी

कागदावर पाच आकडे लिहून न्यावेत : रोजचे पाणी आणि उपलब्ध तास, उन्हाळ्यातील विहिरीची पातळी, शेताची पंपापासूनची उंची, पाइपाची लांबी व आतील व्यास, आणि आपल्याकडे प्रत्यक्ष मिळणारा विजेचा दाब. पंपावर भारतीय मानक चिन्ह पाहावे. मोनोब्लॉकला आयएस ९०७९, बोअरवेलच्या सबमर्सिबलला आयएस ८०३४ आणि ओपनवेल सबमर्सिबलला आयएस १४२२० हे मानक आहे. ऊर्जा बचतीचे तारे असलेला पंप मिळाल्यास तो घ्यावा. पक्की पावती घ्यावी. आणि पैसे अपुरे पडत असतील तर अश्वशक्तीवरचा खर्च कमी करावा, पाइपावरचा नाही. पाइप वीस वर्षे जमिनीत राहतो. तो अरुंद असला तर त्याची किंमत रोज पंपाला मोजावी लागते.

हा हिशेब स्वतः करणे अवघड वाटले तर वरील पाच आकडे घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी विभागात यावे. मात्र पंप विकत घेण्यापूर्वी यावे, एवढीच विनंती.